एका दिवसात तंजावर: त्रिचीहून गाडी, गाइड आणि भोसल्यांच्या खुणा

तंजावरच्या बहुतेक सहली बृहदीश्वराच्या देवळापाशी सुरू होतात आणि जवळजवळ तिथेच संपतात. राजवाड्याला अर्धा तास, मग एखादं दुकान, मग परतीचा रस्ता. ज्या शहरात व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ भोसल्यांची गादी होती, तिथून मराठी माणूस एकही मराठी अक्षर न पाहता परततो. ते दाखवायला तिथे कुणाची ना नसते, पण मागितल्याशिवाय कुणी दाखवतही नाही. म्हणून खाजगी गाडी आणि स्वतंत्र गाइड घेऊन जायचं ठरवलं असेल, तर काय आणि कधी मागायचं हे आधी पक्कं करा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. मुक्काम कुठे ठेवायचा

एका दिवसाच्या सहलीसाठी त्रिची, म्हणजे तिरुचिरापल्ली, हेच ठिकाण योग्य. तंजावरला सर्वांत जवळचा विमानतळ तिथे आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ८३ ने अंतर साधारण ६० किलोमीटर पडतं. सकाळी लवकर निघालात तर सव्वा तासात पोचता. कुंभकोणम याहूनही जवळ, ४० किलोमीटरवर आहे. तिथे राहणार असाल तर सगळं वेळापत्रक अर्ध्या तासाने सैल होतं.

चेन्नईहून 'एक दिवसात तंजावर' विकणारे असतात. अंतर एका बाजूने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दिवस गाडीतच जातो आणि देऊळ बंद असायच्या वेळेला तुम्ही दारात उभे राहता. चेन्नईहून यायचंच असेल तर रात्रीच्या रेल्वेने थेट तंजावर स्टेशनवर उतरा आणि गाडी फक्त शहरापुरती घ्या. पुदुच्चेरीहूनही एका दिवसात जमवू नका. शिवाय तिथली गाडी तमिळनाडूत शिरताना परमिटचा खर्च वाढतो, तो आधी विचारून घेतला नाही तर शेवटी बिलात दिसतो.

२. तारीख ठरवणं

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस असतो. आपल्याकडे पाऊस ओसरतो तेव्हा तिकडे सुरू होतो, हे महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. एप्रिल ते जून देवळाचं दगडी पटांगण अनवाणी पायांना सोसवत नाही.

तारीख पक्की करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा:

- प्रदोष. त्रयोदशीच्या संध्याकाळी मोठ्या नंदीला अभिषेक होतो आणि पटांगण माणसांनी भरून जातं. हा सोहळा पाहायचा असेल तर मुद्दाम तो दिवस निवडा. शिल्पं निवांत पाहायची असतील तर टाळा.
- पोंगल. जानेवारीच्या मध्यावर, विशेषतः माट्टु पोंगलला, नंदीची फळाभाज्यांनी आरास करतात. सुंदर असते, पण गर्दी प्रचंड.
- राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी. तो वार आणि राष्ट्रीय सुट्ट्या टाळल्या नाहीत तर या सहलीचा अर्धा हेतू बुडतो. गाइडला आदल्या दिवशी फोन करून 'उद्या ग्रंथालय उघडं आहे ना' एवढं विचारून घ्या.

३. गाडी ठरवणं

पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली, म्हणजे भाड्याचा परवाना असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी थोडी स्वस्त सांगतात, पण अपघात झाला तर प्रवाशांच्या विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि तपासणीत अडकलात तर सकाळ गेली.

भाडं दोन पद्धतींनी सांगतात. एक, ठरावीक तास आणि ठरावीक किलोमीटर यांचं पॅकेज. दुसरी, किलोमीटरप्रमाणे दर, दिवसाचे किमान किलोमीटर आणि वर चालकाचा भत्ता. या भत्त्याला तिकडे 'बाटा' म्हणतात. बाहेरगावच्या फेरीला किमान २५० किलोमीटर धरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आता हिशोब करा: त्रिची–तंजावर जाऊन-येऊन १२०, शहरात फिरणं १५ ते २०, म्हणजे जेमतेम १४०. उरलेल्या ११० किलोमीटरचे पैसे तुम्ही न वापरता देणार. म्हणून फक्त तंजावर करायचं असेल तर तासांचं पॅकेज मागा. कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळ (पायरी ९) जोडणार असाल तरच किलोमीटरची पद्धत परवडते.

ठरवताना हे प्रश्न लेखी, संदेशातच विचारा:

- किलोमीटर कुठून मोजणार, तुमच्या हॉटेलपासून की गाडीच्या शेडपासून? शेड शहराच्या दुसऱ्या टोकाला असलं तर दोन्ही वेळचं अंतर तुमच्या नावावर लागतं.
- टोल, पार्किंग आणि बाटा धरून दर आहे की वेगळे?
- ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर तासाला किती?
- गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन आदल्या संध्याकाळी मिळेल ना?

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. थोडी अनामत आणि उरलेली परतल्यावर, ही रीत सगळीकडे चालते.

४. गाइड: इथे घाई करू नका

पहिली गोष्ट, चालक म्हणजे गाइड नव्हे. 'ड्रायव्हर सगळं समजावून सांगतो' असं कुणी म्हणालं तर तो रस्त्यावरून दिसेल तेवढंच सांगणार आहे. देवळात आणि राजवाड्यात तुमच्याबरोबर चालायला परवानाधारक गाइड वेगळा घ्यावा लागतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं किंवा राज्य पर्यटन खात्याचं ओळखपत्र त्याच्याकडे असतं. भेटल्यावर ते पाहायला मागणं यात उद्धटपणा काही नाही.

गाइड तंजावरचाच घ्या आणि देवळाच्या दारात भेटायला सांगा. त्रिचीहून बरोबर आणलात तर प्रवासाचे अडीच तासही त्याच्या मानधनात मोजले जातात आणि गाडीतली एक जागा जाते.

भाषा हा खरा अडथळा. तमिळ आणि इंग्रजी सांगणारे सहज मिळतात, हिंदी सांगणारे कमी. हिंदी हवी असेल तर निदान आठवडाभर आधी सांगून ठेवा. सकाळी सात वाजता दारात जाऊन शोधलात तर मिळेलच असं नाही. तंजावरमध्ये घरी मराठी बोलणारी कुटुंबं आजही आहेत. त्यांच्या बोलीला दक्षिणी मराठी किंवा तंजावर मराठी म्हणतात. त्यातलं कुणी गाइडचं काम करतं का, हे चौकशी करताना जरूर विचारा. नाही मिळालं तरी विचारण्यात एक फायदा आहे: तुम्ही कशासाठी येताय ते समोरच्याला कळतं.

गाइडची पारख करायला एक प्रश्न पुरतो, तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्याबद्दलचा: 'सरफोजी राजांचा मराठी शिलालेख देवळात कुठे आहे, आणि तो दाखवाल ना?' ज्याला जागा ठाऊक आहे तो लगेच सांगतो. जो 'राजवाड्यात असेल' म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढचा बघा.

मग असा संदेश पाठवा, हिंदीत किंवा इंग्रजीत:

'आम्ही चार जण आहोत. सकाळी सव्वासात वाजता मोठ्या देवळाच्या दारात भेटू. देवळाला अडीच तास, त्यात मराठी शिलालेख. मग राजवाडा: कलादालन, दोन्ही दरबार, ग्रंथालयाचं संग्रहालय, मिळून तीन तास. दुकानात न्यायचं असेल तर आम्ही सांगू तेव्हाच. दुपारी एकपर्यंतचं मानधन किती?'

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. त्यावर आणखी पुढे लिहिलं आहे.

५. बरोबर काय घ्यायचं

- प्रत्येकाचं ओळखपत्र. परदेशी नागरिकत्व असेल तर पासपोर्ट.
- गाडी आणि गाइड यांच्याशी झालेल्या संदेशांची छायाचित्रं फोनमध्ये.
- सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. चपला सांभाळणारे आणि छोटी तिकीट खिडकी इथे लागतात.
- जाड सुती मोजे. चपला बाहेर राहतात, आणि उन्हात तापलेल्या दगडावर हाच एक उपाय.
- खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे. धोतर किंवा मुंडूची सक्ती या देवळात नाही.
- छोटी विजेरी किंवा फोनचा दिवा. शिलालेख वाचायला लागतो.
- पाणी, टोपी, आणि वडीलधारी मंडळी असतील तर काठी. गोपुरांचे उंबरे उंच आहेत आणि गाभाऱ्याकडे चढणाऱ्या पायऱ्या उभ्या.

तिपाई आणि ड्रोन नेऊ नका. तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोनला बंदी आहे.

चार तमिळ शब्द पाठ करा: पेरिय कोविल (मोठं देऊळ, रिक्षावाल्याला 'बृहदीश्वर' म्हणून सांगू नका), अरण्मनै (राजवाडा), एव्वळवु (किती), वेण्डाम (नको).

६. सकाळ: पेरिय कोविल

सहाला त्रिची सोडा, सव्वासातला देवळात. दर्शन सकाळी सहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते रात्री साडेआठ असं असतं. प्रवेशाला तिकीट नाही. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी भागाचं छायाचित्र सकाळीच नीट येतं. दुपारनंतर दारातून पाहिलं तर सूर्य विमानाच्या मागे असतो.

रस्त्याकडून येताना पहिलं द्वार मराठा काळातलं. त्यानंतरची दोन गोपुरं, देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाच्या काळातली, केरळांतकन आणि राजराजन या नावांची. दुसरं ओलांडलं की नंदी आणि त्यामागे साठ मीटरहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, एकदम समोर येतं. गाइडला इथे पाच मिनिटं गप्प राहायला सांगा.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केलं. नंदी मात्र मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातला आहे, चोळांचा नव्हे. सुब्रह्मण्याचं नाजूक कोरीवकामाचं देऊळही नायकांचं. नैऋत्य कोपऱ्यातल्या गणपतीच्या देवळाचं काम मराठा काळातलं. एकाच पटांगणात तीन राजवटी उभ्या आहेत. हे डोळ्यात बसवून फिरलात तर बाकीचं आपोआप उलगडतं.

प्रदक्षिणा जोत्याकडे बघत घाला. जोत्यावरचे तमिळ शिलालेख म्हणजे देवळाची हिशोबवही आहे: कुणी किती सोनं दिलं, कुठल्या गावाचं धान्य यायचं, दिवे कुणी लावायचे. राजराजाने देवळाच्या सेवेत आणलेल्या ४०० नर्तकींची नावं, त्या कुठल्या गावच्या आणि कुठल्या रांगेतल्या घरात राहायच्या, हेसुद्धा कोरलेलं आहे. गाइडला त्यातली दोन-तीन नावं वाचून दाखवायला सांगा.

मग नैऋत्येकडे, गणपतीच्या देवळाजवळच्या प्राकाराच्या भिंतीकडे चला. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास इथे कोरवून घेतला. मराठी भाषा, देवनागरी अक्षरं. ओळींमागून ओळी, दगडामागून दगड. तमिळ देशात, हजार वर्षांच्या चोळ देवळात आपली लिपी अशी अंगावर येते तेव्हा पाय हलत नाहीत. इथे निदान पंचवीस मिनिटं ठेवा.

वाचण्याची युक्ती अशी. दिवा समोरून मारू नका, अक्षरं सपाट दिसतात. भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा, म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि शब्द सुटे होतात. जुनी वाक्यरचना सलग आहे, विरामचिन्हं नाहीत. आधी ओळखीची नावं शोधा, 'शाहाजी', 'येकोजी' (म्हणजे व्यंकोजी) अशी, आणि तिथून मागे-पुढे सरका. खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरं उठवायचा प्रयत्न अजिबात करू नका. हात फिरवणंही टाळा.

काही सांगीव गोष्टींबद्दल सावध राहा. 'विमानाची सावली जमिनीवर पडत नाही' हे अजूनही ऐकवलं जातं. सकाळी नऊला पटांगणात बघा, सावली पायाशीच असते. गाभाऱ्याभोवतीच्या बोळातली चोळकालीन भित्तिचित्रं आणि वरच्या मजल्यावरची करणांची, म्हणजे नृत्यमुद्रांची, शिल्पं सर्वसामान्यांना खुली नाहीत. 'थोडे पैसे द्या, उघडून देतो' असं कुणी म्हटलं तर वेण्डाम. चित्रांची छायाचित्रं आवारातल्या माहिती केंद्रात पाहायला मिळतात.

देवळातून निघताना, वेळ असेल तर, शेजारच्या शिवगंगा उद्यानातलं श्वार्ट्झ चर्च पंधरा मिनिटांत पाहून होतं. १७७९ चं आहे. आत इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने संगमरवरात घडवलेला एक प्रसंग आहे: मृत्युशय्येवरचे पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांना भेटायला आलेले सरफोजी. श्वार्ट्झ हे सरफोजींचे गुरू. चर्च बंद असेल तर वाट पाहत थांबू नका.

७. राजवाडा: तिकिटांचा गोंधळ

देवळापासून राजवाडा जेमतेम दीड किलोमीटर. सव्वादहापर्यंत पोचा.

नवखे इथेच गोंधळतात. बाहेरून एक दिसणारा राजवाडा आत वेगवेगळ्या व्यवस्थापनांत वाटलेला आहे: कलादालन, दरबार आणि राजघराण्याचं संग्रहालय, ग्रंथालयाचं संग्रहालय. तिकिटं वेगळी, खिडक्या वेगळ्या, कॅमेऱ्याचे पैसेही वेगळे लागू शकतात. पहिल्या खिडकीवरचं तिकीट घेऊन लोक समजतात सगळं झालं, आणि ग्रंथालय न बघताच बाहेर पडतात. गाइडला आधीच सांगा: आधी ग्रंथालय, मग बाकी. ग्रंथालयाला दुपारी जेवणाची सुट्टी असते, म्हणून हा क्रम.

सरस्वती महाल नायकांच्या काळात सुरू झाला आणि दुसऱ्या सरफोजींनी (१७७७–१८३२) तो वाढवला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांच्या हाती किल्ल्यापुरती सत्ता उरली. त्या माणसाने मग ग्रंथ जमवले, छापखाना घातला, शाळा काढल्या, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. संग्रहातली मराठी हस्तलिखितंच तीन हजारांहून अधिक आहेत, शिवाय मोडीतले दप्तरांचे गठ्ठे. पर्यटकांना दिसतं ते छोटं संग्रहालय: ताडपत्रं, सचित्र पोथ्या, नकाशे. मूळ हस्तलिखित पाहायचं असेल तर आगाऊ अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, त्या दिवशी विनंती करून उपयोग नाही. ग्रंथालयाच्या स्वतःच्या प्रकाशनांची विक्री होते, त्यात मराठी पुस्तकं आहेत का ते आवर्जून विचारा.

कलादालनात चोळ काळातल्या ब्राँझच्या मूर्ती आहेत. सगळ्या पाहायच्या भानगडीत न पडता तिरुवेंकाडूहून आलेल्या वृषवाहन शिवापुढे थांबा. १०११ सालची मूर्ती. जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक हात हवेत टेकलेला. ज्या बैलावर तो टेकला होता तो आज नाही, पण शरीराचा तोल इतका अचूक आहे की बैल दिसल्यासारखा वाटतो. याच भागातल्या नायक दरबारात सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, तोही फ्लॅक्समनचाच. चर्च पाहून आला असाल तर दोन्ही कामं मनात शेजारी ठेवता येतात. मुलं बरोबर असतील तर देवमाशाचा सांगाडा विचारा, ती खूश होतात.

मराठा दरबाराचे रंगवलेले खांब आणि कमानी पाहायला वीस मिनिटं पुरतात.

८. जेवण

साडेबारा ते दोन ही केळीच्या पानावरच्या 'मील्स'ची वेळ. अडीचनंतर पदार्थ संपत जातात. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही गोष्ट जेवताना हमखास ऐकायला मिळेल. ती दंतकथा म्हणूनच ऐका, तिला समकालीन पुरावा नाही. गाइडला इथे निरोप द्या आणि ठरलेलं मानधन हातात द्या.

९. दुपार: दोनपैकी एक

*तंजावरातच थांबणं.* एखाद्या चित्रकाराच्या किंवा वीणा घडवणाऱ्याच्या कार्यशाळेत तास-दीड तास घालवा. वीणा फणसाच्या लाकडाची असते, एकाच ओंडक्यातून कोरलेली असेल तर तिला एकांड वीणा म्हणतात. वाटेत राजगोपाल तोफ पाहता येते, रघुनाथ नायकाच्या काळातली, लोखंडी कड्या आणि पट्ट्या ठोकून जोडलेली, सुमारे २२ टनांची. मग चार वाजता पुन्हा देवळात. सकाळी गर्दीत राहून गेलेला शिलालेखाचा भाग वाचायला ही वेळ छान.

*दारासुरम.* ऐरावतेश्वराचं देऊळ तंजावरहून ३५ किलोमीटर. तीनला निघालात तर चारला, म्हणजे ते पुन्हा उघडण्याच्या सुमाराला पोचता. तिथून त्रिची ९५ किलोमीटर, त्यामुळे परतायला रात्रीचे आठ धरा.

पहिल्यांदाच जात असाल तर तंजावरातच थांबा. गंगैकोंडचोळपुरमचं चोळ देऊळही त्याच दिवशी जोडायचा आग्रह कुणी केला तर ऐकू नका. तिन्ही देवळं जागतिक वारशात एकत्र आहेत, म्हणून एका दिवसात बसतात असं नाही.

१०. खरेदी

गाइड आणि चालक नेतात त्या दुकानांत त्यांचं कमिशन किमतीत मिळवलेलं असतं. म्हणूनच संदेशातलं ते वाक्य. आधी सरकारी 'पूंपुहार' विक्रीकेंद्रात जाऊन भाव बघा, मग कुठेही घ्या.

तंजावर चित्र घेताना तीन गोष्टी विचारा. उठाव खडूभुकटी आणि डिंकाच्या लेपाचा आहे की साच्यातला प्लॅस्टिकचा? वर्ख सोन्याचा की नुसता चमकी कागद? आणि 'सोन्याचा वर्ख' असं बिलावर लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की पहिल्या दोन उत्तरांची किंमत कळते. चित्र काच आणि चौकटीशिवाय घ्या, चौकट घरी करा. विमानात काच फुटली तर वर्खावर ओरखडे येतात. मान हलवणारी तलैयाट्टी बाहुली घेतलीत तर डोकं आणि धड सुटं करून वेगवेगळं गुंडाळायला सांगा.

११. परतताना

गाडीतून उतरण्याआधी मीटरचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही वेळा फोनवर छायाचित्र काढलेलं असलं की वाद होत नाही. टोलच्या पावत्या मागून घ्या. चालकाला बक्षिसी द्यायची असेल तर ती थेट त्याच्या हातात द्या, कंपनीच्या बिलात मिळवू नका.